डाळीचं पाणी

दसरा उलटला की जळगावात दोन पांढऱ्या गोष्टी एकदमच दिसायला लागतात. एक कापूस. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून सुटून तो रस्त्याकडेच्या बाभळींना, विजेच्या तारांना, रिक्षांच्या आरशांना अडकून बसतो. दुसरी म्हणजे ॲप्रन. सकाळी थांब्यावर उभ्या असलेल्या मुलींच्या हातावर घडी करून टाकलेले, खिशाशी डाग पडलेले पांढरे ॲप्रन, आणि छातीशी धरलेली खाकी कव्हरची जर्नलं. प्रॅक्टिकलचे दिवस आले.

अशा वेळी काहींना कॉलेजची आठवण येऊन गलबलून येतं. मला एका माणसाचा राग येतो. तीन वर्षं झाली तरी ताजा आहे. लोणच्यासारखा मुरला वगैरे मी म्हणणार नाही, कारण मुरलेल्या गोष्टीची धार जाते.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. बारावीला असताना लग्न ठरलं, परीक्षा संपली आणि मी शिंदखेड्याकडून जळगावला आले. नवरा पाइपच्या कारखान्यात. दोन मुली वाढवल्या, शिकवल्या, दोघी बाहेरगावी नोकरीला गेल्या. घर आवरून सकाळी दहाला माझे हात मोकळे व्हायला लागले. पदवी राहिली होती, म्हणून घ्यायला गेले. एवढंच. यात कुणी डोळे पुसावेत असं काही नाही. सगळे मात्र पुसायचे. शेजारच्या अक्का तर म्हणाल्या, ‘सावित्रीबाईंना आनंद झाला असेल.’ मी म्हटलं, ‘अक्का, आधी ॲडमिशन होऊ द्या.’

बी. ए.च्या पहिल्याच सत्राला दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावा लागतो, हा आता नियम आहे. सोपे विषय लवकर भरले. आमच्यासारख्या उशिरा गेलेल्यांच्या वाट्याला ‘दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र’ आलं. तीस जणांची बॅच, आर्ट्सची आणि कॉमर्सची मिसळून. शनिवारी दुपारी दोन ते चार प्रॅक्टिकल. शनिवारी दुपारी सायन्सच्या मुलांना सुट्टी असते, म्हणून प्रयोगशाळा आमच्या ताब्यात. ताब्यात म्हणजे मागचं एक टेबल, एक बेसिन, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या ओरखडे पडलेल्या परीक्षानळ्या. वरच्या कप्प्याला कुलूप असे.

त्या प्रयोगशाळेवर मी रागावलेले नाही, हे सांगून ठेवते. ती मला आवडली होती. दार उघडलं की आत गॅसचा, ओल्या फरशीचा आणि कशाचा तरी आंबूस असा एक वास यायचा, नाकात शिरून जिभेवर बसायचा. बेसिनला मोरचुदाचे निळे डाग. ऑक्टोबरचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं येऊन बाटल्यांच्या रांगेवर पडायचं आणि बाटल्या दिवाळीत लावलेल्या पणत्यांसारख्या दिसायच्या. माझ्या बाजूला पूजा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी उभी राहायची. कॉमर्सची. परीक्षानळी तापवताना ती डोळे मिटून घेई. ‘काकू, फुटेल का?’ ‘डोळे मिटून थांबणार आहे का ती? तोंड तिकडे कर, नळीचं. आपलं नाही.’ तिला हसू यायचं. हळद लावलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की तो लाल होतो, हे मी तीस वर्षं हळदीचे डाग धुताना पाहिलं होतं. त्याला नाव आहे हे तिथे कळलं. आपण आयुष्यभर जे करत आलो त्याला कुणीतरी नाव देऊन ठेवलंय, हे कळण्यात एक वेगळं समाधान असतं. लग्नात हरवलेलं भांडं दुसऱ्याच्या घरी सापडावं तसं.

आता सर. ते माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, लिहिण्याची गरजही पडणार नाही. सायन्सच्या मुलांचे ते लाडके होते म्हणे. आमच्याकडे यायचे ते घड्याळ बघत. आम्ही त्यांच्यासाठी शनिवारची दुपार खाणारी माणसं होतो. मुलांना ते ‘आर्ट्स’ म्हणूनच हाक मारायचे, ‘ए आर्ट्स, नळ बंद कर,’ आणि मला काकू म्हणायचे. काकू मला सगळेच म्हणतात, पण शब्द एक असला तरी तोंडं वेगळी असतात. ‘काकू, वरण नाही ते, इतकं ढवळू नका.’ ‘काकू, फोडणी बसली का?’ बॅच हसायची. पहिल्यांदा मीही हसले. त्या हसण्याचा राग मला अजून आहे, तो मात्र स्वतःवरचा.

मग साबणाचं प्रॅक्टिकल आलं. प्रयोग अगदी सोपा. दोन बाटल्या घ्यायच्या. एकीत डिस्टिल्ड, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं, काही म्हणता काही नसलेलं पाणी. दुसरीत नळाचं, म्हणजे कॉलेजच्या बोअरचं. दोन्हींत साबणाचं द्रावण थेंब थेंब टाकायचं, बूच लावून हलवायचं, आणि टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते मोजायचं. डिस्टिल्डला चार-पाच लागतात. बोअरला तिसाच्या आसपास, कारण आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं, जड. साबण आधी त्या क्षारांशी झगडतो, वर दह्यासारखे कण तरंगतात, आणि उरला तर मग फेस येतो. डिस्टिल्ड पाणी आम्हाला टेबलावरच्या एका पांढऱ्या कॅनमधून दिलं होतं.

मी बोअरच्या पाण्यात थेंब टाकले. एकतीस. कॅनमधल्या पाण्यात टाकले. चार झाले, फेस नाही. दहा झाले, नाही. वीस. वर दह्याचे कण. एकतीस.

पुन्हा केलं. तीस.

बाजूला पूजाने केव्हाच लिहून टाकलं होतं: चार. तिच्याकडे मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल होतं. सगळ्यांकडेच होतं. माझी सोडून बाकी एकोणतीस वह्यांत डिस्टिल्डला चार थेंब, अगदीच कुणी हौशी असेल तर पाच. प्रयोगशाळेतले परिचर आत्माराम आबा बाटल्या गोळा करत माझ्याजवळ आले. ते आमच्या शिंदखेड्याकडचे. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून त्यांनी ‘तू कोठली व माय?’ विचारलं होतं आणि तेव्हापासून माझ्याशी अहिराणीतच बोलायचे. माझ्या वहीकडे बघून हळूच म्हणाले, ‘बठ्ठी पोरे चार लिखतस. तू बी चार लिख.’

मी एकतीस लिहिलं. निष्कर्षात लिहिलं, ‘दोन्ही पाणी सारखेच जड आहे.’ जे दिसलं ते लिहायचं असतं असं सरांनीच पहिल्या तासाला सांगितलं होतं.

सरांनी वही बघितली. माझी बाटली उचलली, उजेडाकडे धरली नाही, हलवली नाही, सरळ बेसिनमध्ये ओतली. ‘काकू, दोन्ही बाटल्यांत एकाच नळाचं पाणी भरलंत तुम्ही.’

‘नाही सर. हे कॅनमधलं होतं. तुम्ही एकदा करून बघा.’

‘मी बघू? एम. एस्सी. करून मी आता साबण हलवत बसू?’ बॅच हसली. त्यांनी खिशातून लाल पेन काढला आणि माझ्या पानावर, माझ्या तक्त्यावरून तिरपं, मोठ्या अक्षरात लिहिलं: स्वयंपाक. खाली सही, तारीख. पूजाच्या वहीत त्यांनी ‘उत्तम’ लिहिलं.

आमच्या घराण्यात विसरणं ही गोष्ट नाही. माझ्या आत्याने एका मानपानावरून सख्ख्या जावेच्या घरचं पाणी बावीस वर्षं घेतलं नाही, आणि जाऊ वारली तेव्हा तेराव्याला जेवायला बसून म्हणाली, ‘आता पिते.’ मी त्याच रक्ताची. रिक्षातून घरी येताना मी ठरवलं होतं. हा शब्द या माणसाने स्वतःच्या हाताने खोडायचा, याच तीस जणांसमोर खोडायचा, आणि एकतीस बरोबर होते असं म्हणायचं. मला याहून कमी काही नको होतं. नवरा म्हणाला, ‘एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं.’ मी म्हटलं, ‘तुमच्या वहीत लिहिलं असतं तर?’ तो म्हणाला, ‘माझ्या वहीत कोण लिहील? मला कुठे येतो स्वयंपाक?’ त्या दिवशी त्याला भाजी अळणी मिळाली.

पण बदला घ्यायचा तर आधी आपण बरोबर आहोत याची खात्री हवी. नुसता अपमान झाला म्हणजे आपण बरोबर ठरत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आमच्याकडे डिस्टिल्ड पाण्याचा कॅन असतो, जळगावात घरोघरी असतो. मी ते बॅटरीचं पाणी बाटलीत घेतलं, साबण किसून द्रावण केलं आणि थेंब टाकले. पाचव्या थेंबाला बाटली बुचापर्यंत फेसाने भरली. मी ओट्याशी उभी राहून त्या फेसाकडे बघत राहिले. इतकी चांगली गोष्ट मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

म्हणजे कॅनमधलं पाणी डिस्टिल्ड नव्हतं. मग काय होतं, ते ओळखायला मला कुणा एम. एस्सी.ची गरज नव्हती.

माझ्या माहेरी दोन विहिरी होत्या. एक गावाजवळची, दगडी पायऱ्यांची, बारमाही भरलेली. दुसरी वेशीबाहेर पाऊण मैलावर, लहान. न्हाण्याधुण्याला जवळचं पाणी, पण डाळ शिजवायची तर दूरच्या विहिरीचं. जवळच्या पाण्यात तुरीची डाळ तासन्‌तास उकळली तरी दाणा दाण्यासारखाच राहायचा, बोटांत दाबला की करकरायचा. त्यामुळे प्रत्येक घरात एक कळशी वेगळी असे, तिला ‘डाळीची कळशी’ म्हणत, आणि तिच्यात दुसरं पाणी कुणी भरलं तर मार बसे. मी सात-आठ वर्षांची असताना कंटाळा करून एकदा ती जवळच्या विहिरीवर भरून आणली. आईने पाण्यात बोटं बुडवली, बोटं एकमेकांवर घासली आणि कळशी अंगणात उपडी केली. ‘हाई पानी डाळनं नही शे.’ परत पाऊण मैल. तिने कुठलंच द्रावण टाकलं नव्हतं. गावातली प्रत्येक बाई असं पाणी ओळखायची. त्यांच्या कुणाच्या वहीवर कुणी सही केली नाही, कारण वह्याच नव्हत्या.

पुढच्या शनिवारी मी रिकामी बाटली घेऊन वेळेआधी गेले आणि आबांना म्हटलं, ‘आबा, या कॅनमधलं लिटरभर पाणी द्या.’

‘काब्रं?’

‘डाळ शिजवायची आहे.’

आबांनी कॅन पुढे ओढला. मग बाटली भरून देताना म्हणाले, ‘वाफनं मशीन जयी गयं. सायन्सकरता इकतनं येस, ते वरे कुलूपमा शे. सरनी सांगं, आर्ट्सवालास्ना कॅन नळनं भरी दे, त्यास्ले काय समजस.’ आणि बाटली माझ्या हातात देत, ‘मन्हं नाव काढू नको, माय.’

म्हणजे मशीन जळलं होतं, विकतचं डिस्टिल्ड पाणी सायन्सच्या मुलांसाठी वर कुलपात होतं आणि आमच्यासाठी नळाचं. चूक झाली असती तर मी कदाचित अर्ध्यावर सोडून दिलं असतं. माणसं चुकतात. पण आम्हाला कळणार नाही हे धरून चाललेलं होतं. तीस जणांना खोटं पाणी द्यायचं, त्यांनी खोटे आकडे लिहायचे, त्यावर ‘उत्तम’ लिहायचं आणि ज्याने खरं लिहिलं त्याच्या पानावर तो शब्द. मी आबांना ‘नाही काढणार’ म्हटलं आणि परीक्षेची वाट बघायला लागले.

वाट बघण्याचे ते दिवस मला फार स्पष्ट आठवतात. सकाळी थोडी थंडी पडायला लागली होती. गल्लीत संध्याकाळी वांगी भाजल्याचा धूर यायचा. डाळ मिलच्या बाजूने वारा आला की भुशाचा कोरडा वास घरात शिरायचा आणि मी तो खुशीने हुंगायचे. शनिवारी मी प्रयोगशाळेत जाऊन गुमान उभी राहायचे. सर ‘काय काकू, आज काय बेत?’ म्हणायचे आणि मी ‘तुम्ही सांगाल ते, सर’ म्हणायचे. इतकी गोड मी सासूशीही कधी वागले नव्हते. पूजाला काहीतरी कळलं असावं. म्हणाली, ‘काकू, तुम्ही हसता तेव्हा मला भीती वाटते.’

परीक्षेला बाहेरच्या परीक्षक म्हणून धुळ्याच्या एक मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा दोरीला. साहित्य दुसऱ्या कशाचं धड नव्हतंच, त्यामुळे सगळ्या बॅचला साबणाचंच प्रॅक्टिकल लावलं होतं. टेबलावर तोच कॅन. बाकी सगळ्यांनी चार लिहिण्याची तयारी घरूनच करून आणली होती. मी मोजले, एकतीस आले, एकतीस लिहिले आणि मॅडमची वाट बघत उभी राहिले.

मॅडमनी आकडा वाचला. सर पुढे होऊन म्हणाले, ‘मॅडम, या आमच्या काकू. हौसेने शिकतात. यांचं दर वेळी असंच होतं.’

‘मॅडम,’ मी म्हटलं, ‘माझ्याकडे दुकानातलं बॅटरीचं पाणी आहे, सील न फोडलेलं. तुम्ही तुमच्या हाताने एकदा कराल?’

त्यांनी सील फोडलं, बाटलीत ओतलं आणि साबण टाकला. पाच थेंब. फेस वर आला. मग कॅनमधलं घेतलं. पाच, दहा, वीस. सगळी बॅच टेबलाभोवती जमली होती, कुणी हसत नव्हतं. दह्याचे कण वर आले तेव्हा मी पिशवीतून स्टीलचे दोन डबे काढले. सकाळी तेवढीच डाळ, तेवढ्याच आचेवर, तेवढाच वेळ दोन भांड्यांत उकळून आणली होती. खायची नव्हती, बघायची होती. ‘या डब्यात बॅटरीचं पाणी, या डब्यात कॅनचं.’ मॅडमनी पहिल्या डब्यातला दाणा बोटांत धरला, त्याचं पीठ झालं. दुसरा दाणा दाबला. पुन्हा दाबला. त्याही खानदेशातल्याच.

‘कच्ची आहे,’ त्या म्हणाल्या. मग सरांकडे वळून, ‘सर, हे बोअरचं पाणी आहे.’

तो क्षण मी आजही मनात काढून बघते. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या लाल पाळ्यांसाठी मी पाच आठवडे ‘हो सर’ म्हटलं होतं आणि पाळ्या त्या लायकीच्या होत्या. पुढच्या वाक्यात ते माफी मागतील, मग पेन मागतील, असं मी धरलं होतं.

सर म्हणाले, ‘आत्माराम, कॅन कुणी भरला?’

आबा दाराशी उभे होते. ‘मी भरला, सर.’

एवढंच. सरांच्या पाळ्यांचा रंग उतरताना मला दिसला. मॅडमनी सगळ्या बॅचला बॅटरीच्या पाण्याने प्रयोग पुन्हा करायला लावला आणि अहवालात लिहिलं की दिलेलं पाणी सदोष होतं. त्या अहवालावरून कॉलेजने विभागाकडे खुलासा मागितला, आणि विभागाने, म्हणजे सरांनी, तो आबांकडे ढकलला. आबांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. सेवापुस्तकात शेरा पडणार होता आणि त्या शेऱ्यावर पेन्शनचे कागद अडकणार होते.

हे मला आधी सुचायला हवं होतं असं लोक म्हणतील. खरं सांगायचं तर सुचलं होतं. बाटली हातात घेतली तेव्हाच सुचलं होतं की कॅन भरणारे हात आबांचे आहेत. मी नाव काढलं नाही, शब्द पाळला, आणि स्वतःला सांगितलं की तेवढं पुरे. राग असला की माणूस असे हिशेब झटपट जुळवतो. मी भेटायला गेले तेव्हा आबा मागच्या व्हरांड्यात नळ्या धूत होते. वर न बघता म्हणाले, ‘तुम्हना भांडनमा मन्हं मडकं फुटनं.’ मी नळ्या फडक्याने पुसत उभी राहिले. नंतर म्हटलं, ‘सरांनी सांगितलं होतं असं लिहून द्या.’ आबा हसले. ‘कोन वाची?’

मग मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, पाणी भरायला तुम्ही सांगितलं होतं, तसं लिहा. सर शांत होते. खुर्ची दिली, पाणीसुद्धा विचारलं. म्हणाले, ‘मी सांगितलं याला साक्षीदार कोण? आत्माराम? तो आरोपीच आहे. तुमची बॅच? त्यांनी जर्नलात चारच लिहिलंय, ते काय सांगतील?’ मग टेबलावरचा एक टाइप केलेला कागद माझ्याकडे सरकवला. त्यांनी तयारच ठेवला होता. त्यात लिहिलं होतं की परीक्षेच्या दिवशी माझ्या हातून कॅन सांडला आणि मी कुणाला न विचारता तो नळावर भरून ठेवला. परिचराचा यात दोष नाही. खाली माझ्या नावापुढे सहीची जागा.

‘तुमचं काय जाणार आहे, काकू?’ ते म्हणाले. ‘एक लेखी समज मिळेल. तुम्हाला कुठे नोकरी करायची आहे? आत्मारामचं मात्र म्हातारपण आहे.’

माणूस हुशार होता, हे कबूल करते. मला हवं होतं त्याच्या बरोबर उलट त्याने माझ्याकडूनच लिहून मागितलं होतं. सही केली तर एकतीस चूक, मी चूक, तो शब्द बरोबर. नाही केली तर आबा. मी कागद दोनदा वाचला. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या त्यांना दुरुस्त करायला लावल्या. त्यांनी कागद पुन्हा छापून आणला. मग सही केली.

आबांकडे मागितलेला खुलासा मागे घेतला गेला. मला लेखी समज मिळाली, विषयात जेमतेम पास झाले. पूजाने विचारलं, ‘काकू, तुम्ही खरंच कॅन सांडला?’ तिला मी ‘हो’ म्हटलं. त्या ‘हो’चा सल सहीपेक्षा जास्त आहे. पुढची अडीच वर्षं त्याच कॉलेजात काढली. जिन्यात सर भेटले की ‘काय काकू’ म्हणायचे. मी ‘नमस्कार सर’ म्हणायचे. लोक मला सांगत, बघ, तूसुद्धा शेवटी समजूतदारपणा दाखवलास. समजूतदारपणा नव्हता. आबांच्या निवृत्तीची तारीख मला पाठ होती.

आबा मागच्या वर्षी मे महिन्यात निवृत्त झाले. कागद फिरत राहिले, अशा कागदांना वर्ष लागतंच. या उन्हाळ्यात त्यांचं सगळं मार्गी लागलं. माझाही शेवटचा निकाल याच उन्हाळ्यात लागला, पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं. म्हणजे आता त्या कॉलेजच्या हातात आम्हा दोघांचं काहीही उरलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी शिंदखेड्याच्या एस. टी.त बसले.

आबा त्यांच्या गावच्या घरी ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, ‘आबा, बठ्ठं लिहिणार आहे. छापायला देणार आहे. नाव तुमचंही येईल.’

‘लिखी टाक,’ आबा म्हणाले. ‘आते मन्हं कोन काय करी?’ मग, ‘पन हाई बी लिख, पानी भरनारा मीच व्हतू. माले माहीत व्हतं आनि मी भरं.’

तर तेही लिहिते आहे. पाणी आत्माराम आबांनी भरलं होतं, त्यांना माहीत असताना भरलं होतं. त्यांच्या वाट्याचं त्यांनी मागून घेतलं. माझ्या वाट्याचं मी वर लिहिलं आहे. बाटली घेताना आबांचं काय होईल हे मला कळत होतं आणि मी थांबले नाही. कॅन माझ्या हातून कधी सांडला नाही. त्या कागदावरची सही माझी आहे, मजकूर माझा नाही. एकतीस थेंब बरोबर होते. पूजा, तू हे वाचत असशील तर तुला मी खोटं सांगितलं होतं.

आता एकाच माणसाचा वाटा उरला.

हा दिवाळी अंक कॉलेजच्या वाचनालयात येतो, मी चौकशी केली आहे. सुट्टी संपून प्रॅक्टिकल सुरू होतात त्याच आठवड्यात तिथल्या बाई नवे अंक लांब टेबलावर मांडतात. मधल्या सुट्टीत सगळे प्राध्यापक त्या टेबलाशी चहा घेतात. सायन्सचेही.